आईच्या तोंडी नसलेलं नाव

नीश, २० नोव्हेंबर १९३०

प्रिय कूमा स्तामेना आणि राडोये,

सुखरूप पोचलो. तुझ्या सासूने बांधून दिलेलं चीज आमच्या रेल्वेच्या फिटरांनी गाडी थांबायच्या आत फस्त केलं. माझ्या वाट्याला नुसतं फडकं आलं. क्रस्तिन्या काकूंना सांग, नीशच्या कारखान्यात त्यांचं नाव झालं आहे.

आता नावाचंच बोलतो. गावात कुजबुज झाली असेल, की हा शहरातला ओब्राद बाळाचा धर्मपिता, कूम म्हणून आला आणि पोराला रानटी नाव देऊन गेला. कुजबुजू देत. तुमच्या पहिल्या दोन लेकरांना माझ्या बापाने बाप्तिस्म्याच्या पाण्यातून काढलं, मिलोये आणि रुझा अशी गोड गोड नावं दिली, आणि दोघंही पाळण्यातच गेली. बाप गेल्यावर कूमपण माझ्याकडे आलं. तेव्हाच मी ठरवलं, या वेळी वूक, म्हणजे लांडगाच. जी कोणी हडळ तान्ह्या पोरांवर टपलेली असते ती लांडग्याच्या वाटेला जात नाही म्हणतात. मी इंजिनं उघडून बसवणारा माणूस, हडळीबिडळी मानत नाही. पण तिने मानलं तर आपलं काय जातं?

बाळंतपणाला चाळीस दिवस झाले नव्हते म्हणून तू चर्चमध्ये नव्हतीस. बाप्तिस्मा आटोपताच गावची पोरं नाव सांगायला तुझ्याकडे पळत सुटली, खाऊ मिळतो ना! त्यांच्या मागून मीही पळालो, कारण मला तुझा चेहरा बघायचा होता. तू डोक्याचं फडकं तोंडावर ओढून बसली होतीस. मान हलवलीस, माझ्या हाताचं चुंबन घेतलंस, शब्द म्हणून काढला नाहीस. खरं सांगतो, मला बरं वाटलं. आमच्या नीशमधल्या बायका कूमपुढे चुरुचुरु बोलत सुटतात. म्हटलं, ही जुनी रीत जपणारी आहे.

एकच काम सांगतो. नाव देतो कूम, पण ते पोराच्या अंगी लागतं आईने हाक मारली की, असं माझा बाप म्हणायचा. तेव्हा रोज उंबऱ्यात उभी राहा आणि डोंगर ऐकेल अशी हाक मार.

तुमचा कूम,
ओब्राद


यासेन्ये, १८ डिसेंबर १९३०

पूज्य कूम ओब्राद यांस,

पत्र पोचलं. राडोयेला अक्षरओळख नाही, म्हणून दोघांच्या वतीने मीच लिहिते. माझे आजोबा आमच्या गावच्या चर्चमध्ये घंटा वाजवायचे, त्यांनी मला लिहायला शिकवलं. सासूबाई म्हणतात, त्यापेक्षा विणायला शिकवलं असतं तर बरं झालं असतं. मोजे पाठवते आहे, डावा जरा मोठा झाला आहे.

बाळ अंगाने भरतंय. रडतं तेव्हा पलीकडच्या वाडीतली कुत्री भुंकतात. राडोये त्याला नावाने हाक मारतो, सासूबाई मारतात, शेजारीपाजारी मारतात. नाव चांगलं लागलं आहे, काळजी नसावी.

एक विचारायचं होतं. तुम्ही शहरात राहता, दहा रीती पाहता. तिकडे एका मुलाला दोन नावं असतात का? म्हणजे कूमने दिलेलं एक आणि घरातलं आणखी एक, जिभेला सोपं असं काही. असेल तर तेही कूमनेच द्यायचं असतं का? मी आपलं सहज विचारते आहे.

राग नसावा.

आपली कूमा,
स्तामेना


नीश, ६ फेब्रुवारी १९३१

कूमा,

मोजे चांगले आहेत. डावा पाय उजव्यापेक्षा मोठा करून घेईन.

पण तुझ्या पत्राने जेवण गोड लागलं नाही. ‘सहज’ कोणी असं विचारत नाही. नाव पसंत नाही, असं सरळ लिही ना. रांगडं वाटतं का तुला? तुझ्या माहेरी मुलांची नावं पाखरांवरून ठेवतात का? आमच्या घराने तुमच्या घराला चार पिढ्या नावं दिली, एकदाही कोणी परत केलं नाही. कूमने दिलेलं नाव म्हणजे दुकानातून आणलेला बूट नव्हे, चावतो म्हणून बदलून द्या म्हणायला.

राडोयेला हे पत्र वाचून दाखव. मी त्याच्याशी समोरासमोर बोललो असतो, पण आता उन्हाळ्यापर्यंत रजा नाही, आणि खरं म्हणजे यायची इच्छाही उरलेली नाही.

ओब्राद


यासेन्ये, १२ एप्रिल १९३१

पूज्य कूम,

पत्र राडोयेला वाचून दाखवलं. तो उठून लाकडं फोडायला गेला आणि अंधार पडेपर्यंत आत आला नाही. आल्यावर म्हणाला, “कूमला दुखवलंस? देवाच्या खालोखाल कूम. आता कुठे तोंड दाखवू मी?”

चूक माझी होती. नाव उत्तम आहे. तो विषय मी मिटवला आहे, आपणही मिटवावा ही हात जोडून विनंती. ईस्टरचं लाल अंडं सोबत ठेवलं आहे. फुटलं तरी चालेल, आशीर्वाद फुटत नाही.

स्तामेना


नीश, १ ऑक्टोबर १९३३

प्रिय कूमा,

माझ्यासारखा अडेलतट्टू माणूस शोधून सापडणार नाही, हे माझी बायको रोज सांगते, आता मीही मान्य करतो. अडीच वर्षं मी राग उशाशी घेऊन झोपलो. काल कारखान्यात एका पोऱ्याने बापाला डबा आणून दिला आणि मला एकदम आपला वूक आठवला. तीन वर्षांचा होईल आता. जगला! हडळीला हरवलं आपण, की नाही?

लिही सगळं. चालतो कसा, कोणासारखा दिसतो, बोलतो का? सात वर्षांचा झाला की मी त्याला नीशला आणणार. शाळेत घालीन, मग माझ्या हाताखाली. इथे पोरांना स्पष्ट बोलता आलं पाहिजे बरं का. खेड्यातून आलेल्या पोराचा एक शब्द वाकडा पडला तरी ही शहरी कार्टी त्याला रडवून सोडतात.

तुझा कूम,
ओब्राद


यासेन्ये, २८ ऑक्टोबर १९३३

पूज्य कूम ओब्राद यांस,

आपलं पत्र आलं आणि राडोयेने शेजाऱ्यांना बोलावून राकियाची दारू पाजली. मी आपलं पत्र एकटीने पुन्हा वाचलं. आता खोटं लिहिणार नाही.

वूक बोलतो. दिवसभर बोलतो. पण स्वतःचं नाव ‘ऊक’ असं सांगतो. परवा सासूबाई त्याला गुडघ्यावर घेऊन म्हणत होत्या, “वूक म्हण, माझ्या राजा. वूक.” तो म्हणाला, “ऊक.” तशा त्या माझ्याकडे वळल्या. “आईने भाकरीबरोबर भरवलंय ना! तोंड फुटकं हिचं आणि भोगायचं माझ्या नातवाने!”

कूम, एकदा आरशासमोर उभे राहा आणि पोराचं नाव घ्या. आधी आपला खालचा ओठ वर जाईल आणि वरच्या दातांच्या कडेला टेकेल. मगच ते नाव सुरू होतं. माझे वरचे पुढचे दात नाहीत. लग्नाच्या आधी, मळणीच्या वेळी, खळ्यात फिरणारी घोडी बिथरली आणि तिची लाथ माझ्या तोंडावर बसली. खालचा ओठ फाटला होता तो जुळला, पण लाकडासारखा झाला, वर उचलत नाही. वरचा ओठ खाली येऊन ओठाला ओठ लागतो, म्हणून आई, बाप, भाकरी, मेंढी सगळं म्हणता येतं. ओठाला दात लागत नाही. तो एक आवाज माझ्याकडे नाही. ‘फ’सुद्धा नाही, पण फ आमच्या डोंगरात लागतो कोणाला? तो शहरातल्या लोकांचा. ‘व’ मात्र जिथे तिथे. आमचं आडनाव येव्तोविच. लग्न ठरलं तेव्हा मी राडोयेला विचारलं होतं, तुझ्याकडे दुसरं आडनाव नाही का? तो हसला होता. म्हणाला, “तू नुसतं राडोये म्हण. मला तेवढं पुरतं.”

बाप्तिस्म्याच्या दिवशी मी रीत म्हणून गप्प नव्हते, कूम. पोरं ओरडत आली, “वूक! वूक!” आणि मला कळलं, की मला माझ्या मुलाला कधीच हाक मारता येणार नाही. त्यानंतर तोंड उघडायची ताकदच राहिली नाही. लिहिताना मात्र मला काही अडत नाही. कागदावर मी ते नाव बिशपइतकं स्वच्छ काढते, म्हणून आपल्याला कधी कळलं नाही.

अजून एक सांगते, हसू नका. मिलोये आणि रुझा, दोघांना मला नीट हाक मारता यायची. मी दिवसभर मारायचे. ती गेली. याला मारता येत नाही, आणि हा जगतोय. हा हडळीशी झालेला सौदाच असेल, असं कधी कधी मनात येतं. असेल तर मला मान्य आहे. पण तो अंगणाच्या टोकाला जातो, वळून माझ्याकडे बघतो, आणि मी नुसता हात हलवते.

आपली,
स्तामेना


नीश, १५ नोव्हेंबर १९३३

कूमा, माझे बाई,

आरशासमोर उभा राहिलो. माझी बायको म्हणाली, “वेड लागलं का, लांडगा लांडगा काय करतोस?” मी खाली बसलो.

मला कोणी का सांगितलं नाही? राडोयेने? ते जाऊ दे. मी होतो तापट, सांगितलं असतं तरी काय केलं असतं कोण जाणे. नाव बदलता येत नाही, ते पाण्यावर आणि देवासमोर दिलं गेलं. पण दात बदलता येतात! मी फिटर आहे, मला एवढं कळतं, की जो भाग तुटला तो नवा बसवायचा. उझित्सेमध्ये दातांचा डॉक्टर आहे म्हणे. राडोयेला हे वाचून दाखव, पहिला बर्फ पडायच्या आत त्याने तुला तिथे न्यावं. नाही म्हणाला तर कूमचा शब्द मोडला असं समजेन.

आणि तोवर एक कर. मला सांगताना जड जातंय, पण पोराच्या भल्याचं आहे. त्याच्या कानावर स्वच्छ बोलणं पडू दे. क्रस्तिन्या काकूंना त्याच्याशी बोलू दे, गोष्टी त्यांनाच सांगू दे. तू थोडी गप्प राहा. पोरं जे ऐकतात तेच उचलतात. थोड्या दिवसांचा प्रश्न आहे, एकदा दात आले की काय हवं ते बोल.

तुझा,
ओब्राद


यासेन्ये, ३ सप्टेंबर १९३४

पूज्य कूम,

उत्तराला उशीर झाला, माफी असावी. लिहिण्यासारखं चांगलं काही हाती येईल म्हणून थांबले होते.

दात बसवले. फार सुंदर आहेत, आमच्या पाद्रीबाबांच्या बायकोचेही असे नाहीत. पण ओठ त्यांच्यापर्यंत जात नाही. डॉक्टरांनी बोटाने ओठ वर दाबून धरला आणि म्हणाले, “म्हणा आता.” त्यांच्या बोटाने ते अक्षर निघालं. बोट काढलं आणि अक्षरही गेलं. ते म्हणाले, ओठातली नसच गेली आहे, याला ते काही करू शकत नाहीत. दात रविवारी लावते. एरवी कपात असतात.

आपण सांगितल्याप्रमाणे मी पोरासमोर बोलणं बंद केलं. पहिले काही दिवस तो माझा स्कर्ट ओढायचा, “आई, मेंढीची गोष्ट सांग ना.” मी आजीकडे बोट दाखवायचे. मग त्याने मागणं सोडलं. आता तो रात्री सासूबाईंकडे झोपतो. आपल्याला हवं होतं ते झालं आहे, कूम. दारातून ओरडतो, “मी वूक!” आणि व असा काढतो, की सासूबाई शेजाऱ्यांना ऐकवायला बोलावतात. त्या हल्ली मला लागेल असं बोलत नाहीत. परवा आपल्या ताटातली साय माझ्या भाकरीवर ठेवली.

गेल्या आठवड्यात मडकी विकणारा आला होता. मला काही विचारत होता. वूक मध्ये आला आणि म्हणाला, “काका, माझ्याशी बोला. आमची आई मुकी आहे.” मडकी घेतली.

स्तामेना


नीश, ३० सप्टेंबर १९३४

प्रिय कूमा,

तुझं पत्र वाचून डोळे भरले, पण मन मोठं झालं. एवढा त्याग आईच करू जाणे. पोरगं व म्हणतंय ना? जिंकलो आपण! उद्या तो नीशच्या स्टेशनवर स्टेशनमास्तरची लाल टोपी घालून उभा राहील तेव्हा तुलाच पहिली सलामी देईल. मग हे सगळं त्याला मी सांगेन, माझी जबाबदारी.

त्याला पत्र्याचं इंजिन पाठवतो आहे, मी स्वतः केलेलं. चाकं फिरतात. वूकला सांग, कूमने दिलंय, तोडायचं नाही.

ओब्राद


नीश, १० मार्च १९३५

कूमा, राडोये,

नाताळपासून तुमचं काही पत्र नाही. इकडे वर्तमानपत्रात आहे, की तुमच्या बाजूला बर्फाने वाटा बंद आहेत. बर्फच असेल. मी इथल्या शाळेच्या मास्तरांना वूकचं आत्ताच सांगून ठेवलं आहे. त्यांनी विचारलं, “मुलगा बोलतो कसा?” मी म्हटलं, “घंटेसारखा!”

दोन ओळी तरी लिहा.

ओब्राद


यासेन्ये, २ एप्रिल १९३५

पूज्य कूम ओब्राद यांस,

वाट कालच मोकळी झाली. पोस्टमनने आपलं पत्र दिलं आणि हे तोच परत घेऊन जाणार आहे, बाहेर थांबला आहे.

मास्तरांना सांगा, वूक येणार नाही. फेब्रुवारीत त्याच्या छातीत कफ साठला आणि ताप चढला. राडोये बर्फातून डॉक्टरला आणायला निघाला, खिंडीतून परत आला, पुन्हा निघाला, पुन्हा परत आला. सासूबाईंनी राकियाने छाती चोळली, कांदे बांधले. तो कोणालाच ओळखेना. सासूबाई त्याच्या कानाशी हाका मारत होत्या, “वूक, वूक, आजीकडे बघ!” तो बघत नव्हता.

मग मी त्यांना बाजूला केलं. मी कबूल केलेलं सगळं मोडलं, कूम, आपल्याशी केलेलं आणि हडळीशी केलेलंही. त्याला मांडीवर घेतलं आणि हाक मारली. “ऊक. माझ्या ऊक.” त्याने डोळे उघडले. म्हणाला, “आई, तुला बोलता येतं?” मी म्हटलं, “येतं रे.” म्हणाला, “मग परत म्हण.” मी म्हटलं. तो हसला आणि लहानपणी म्हणायचा तसंच म्हणाला, “हो. मी ऊक.” मग मी त्याला मेंढीची गोष्ट सांगितली. अडेल तिथे अडू दिली. त्याला सगळी कळली. दुसऱ्या दिवशी दुपारी तो गेला.

मी हाक मारली म्हणून गेला का, हे मी स्वतःला विचारते. आणि सव्वा वर्ष त्याच्याशी बोलले नाही, ते का बोलले नाही, हे त्याहून जास्त विचारते. पहिल्याला उत्तर नाही. दुसऱ्याचं उत्तर आपल्याला माहीत आहे, मला माहीत आहे. मी आपल्याला दोष देत नाही. आपण सांगितलंत, पण तोंड मी मिटलं.

आता पुरण्याचं सांगते, कारण कूमला ते कळलं पाहिजे. आमच्याकडे आई आधी नाव घेऊन टाहो फोडते आणि मग बाकीच्या बायका तिचेच शब्द उचलतात. नाव घेतल्याशिवाय रडायचं नाही, नाहीतर गेलेल्याला कळत नाही आपल्यासाठी कोण रडतंय. मी पेटीपाशी उभी राहिले आणि तोंड उघडेना. बायका थांबल्या होत्या. सासूबाईंना वाटलं, आपणच सुरू करावं. “वूक” म्हणाल्या, आणि माझ्याकडे बघून थांबल्या.

तेव्हा मी सुरू केलं. “ऊक, माझ्या ऊक, कुठे निघालास?” असं. माझ्या फुटक्या तोंडाने, जसं येतं तसं. पाद्रीबाबा जमिनीकडे बघत होते. माझ्या मनात आलं, आता माझं रडणंसुद्धा कोणी उचलणार नाही.

मग सासूबाई माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. त्यांचे सगळे दात शाबूत आहेत, या वयात अक्रोड फोडतात. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि माझ्यासारखंच म्हणाल्या, “ऊक, आजीच्या ऊक.” त्यांच्यामागून शेजारची येलिसावेता म्हणाली, मग तिच्या सुना, मग सगळ्या. सगळ्या बायका, धडधाकट तोंडाच्या, “ऊक, ऊक” म्हणून रडत होत्या. डोंगराने तेच परत दिलं.

क्रूसावर राडोयेने आपण दिलेलं नाव कोरायला सांगितलं आहे, वूक येव्तोविच. ते बरोबर आहे. देवासमोर दिलेलं नाव तेच आणि लिहिताना मीही तेच लिहिते. सहामाही स्मरणाला आपण याल, कबरीवर दारू ओताल आणि कूम म्हणून त्याला हाक माराल. तेव्हा एवढं एकच माझं ऐका. ओठ दातांना लावू नका. तो ओळखणार नाही.

आपली कूमा,
स्तामेना